तारांकित लागलाय

जिल्ह्याच्या एका सरकारी कार्यालयात मी एकतीस वर्षं कारकुनी केली. विधिमंडळाची खरी ताकद पाहिली ती एका फाइलीपायी.

पाझर तलावात जमीन गेलेल्या अकरा शेतकऱ्यांचा मोबदला चार वर्षं अडकला होता. त्यातले एक बाबा दर सोमवारी पिशवीत सातबारा घेऊन यायचे आणि 'पुढच्या आठवड्यात बघू' ऐकून परत जायचे. मीही त्यांना तसं सांगितलंय. एका डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनातून निरोप आला, तारांकित लागलाय! म्हणजे या मोबदल्यावर आमदाराचा असा प्रश्न, ज्याचं मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं. सगळ्यांच्या रजा रद्द. रात्री अकरापर्यंत फाइल शोधली. प्रश्नाचा साचा ठरलेला असतो: हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? त्या शेवटच्या ओळीपुढे लिहायला आमच्याकडे एक शब्द नव्हता. तीन आठवड्यांत धनादेश निघाले.

राज्यघटनेच्या १६४व्या कलमात मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार आहे असं म्हटलंय, त्याचा अर्थ मला त्या रात्री कळला. आपल्या विधानसभेत २८८ आमदार आणि १५ टक्क्यांच्या मर्यादेमुळे मंत्री जास्तीत जास्त ४३. बाकीच्यांनी, मग ते सत्तेतले का असेनात, सरकारला जाब विचारायचा असतो. आपण मात्र त्यांच्याकडे सभामंडप मागतो आणि लग्नाला आले नाहीत म्हणून रुसतो.

सभागृहानं मनावर घेतलं तर काय होतं? रोजगार हमी बघा. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी त्या कल्पनेचा ध्यास घेतला आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. नुसती योजना मंत्रालयातून एका शासन निर्णयानं गुंडाळता येते. कायदा बदलायचा तर पुन्हा सभागृहापुढे उभं राहावं लागतं. पुढे २००५ मध्ये देशानं असाच कायदा केला.

म्हणून गोंधळात हजारो कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरचा जादा खर्च, चर्चेविना मंजूर झाल्या की माझा जीव तुटतो. 'कामकाज दिवसभरासाठी तहकूब' ही बातमी तुम्ही टीव्हीवर बघता. आमच्याकडे ती आली की ज्याचं उत्तर तयार नसायचं तो साहेब खुर्चीत मागे रेलायचा आणि सगळ्यांना चहा सांगायचा. त्या चहाचे घोट मीही घेतलेत. त्याच वेळी बाहेरच्या बाकावर कुणीतरी सातबारा घेऊन बसलेलं असायचं.

पुढच्या आठवड्यात आमचे आमदार गावात येतायत. सत्काराच्या यादीत माझंही नाव आहे. मी शाल घेणार नाही. गेल्या अधिवेशनात किती तारांकित टाकले, तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणाऱ्या किती लक्षवेधी सूचना लावल्या आणि मंत्र्यांनी दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा केला का, एवढंच सगळ्यांसमोर विचारणार आहे. तुमच्याकडेही विचारा.