‘बाहेरच्यांची दुकानं बंद करा’ म्हणण्याआधी

गेला महिनाभर एक मेसेज गावच्या ग्रुपपासून पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांपर्यंत फिरतोय. मला तो तीन नातेवाइकांनी पाठवला, त्यांत माझे सख्खे मामाही आहेत. मजकूर थोडक्यात असा: महिलांच्या आरोग्याच्या नावाखाली सरकारनं एनजीओंना कुरण मोकळं करून दिलंय, काम शून्य, परदेशी पैशावर आपल्या लेकीबाळींवर प्रयोग चालतात, सरकारकडे डॉक्टर-नर्सा असताना बाहेरच्यांची गरजच काय, हा सगळा पैसा विम्यात घाला, बाई हव्या त्या दवाखान्यात जाईल. खाली ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मला पटलं नाही, म्हणून हे लिहितेय. मी शाळेत शिकवते. आरोग्य खात्याशी माझा संबंध एवढाच की माझ्या थोरल्या जाऊबाई पंधरा वर्षं ‘आशा’ म्हणजे सरकारी योजनेतल्या गावच्या आरोग्यसेविका आहेत, आणि त्यांच्या मागे मागे मी पुष्कळ घरांच्या उंबऱ्यापर्यंत गेले आहे. मुद्दे मेसेजच्या क्रमानं घेत नाही. सगळ्यात जास्त खटकलेला आधी घेते.

‘सरकारकडे डॉक्टर आहेत, नर्सा आहेत, दवाखाने आहेत. मग बाहेरच्यांची गरजच काय?’

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली, तेव्हाही सरकारी दवाखाने होते, उपकेंद्रं होती, नर्सबाई गावात फिरत होत्या. पण अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, कंबर धरते, हे बायका कुणाला सांगत नव्हत्या, कारण तसं विचारणारं कुणी नव्हतं. खात्याला बाईबद्दल दोनच गोष्टी माहीत करून घ्यायच्या असत: दिवस गेलेत का, आणि ऑपरेशन झालंय का. राणीताईंनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि जानेवारी १९८९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता. एकेकीला सरासरी तीनहून जास्त दुखणी. आणि त्याआधी त्यासाठी तपासणी किंवा उपचार मिळालेल्या बायका अवघ्या ८ टक्के.

या आकड्यापाशी मी दर वेळी थांबते. शंभरातल्या ब्याण्णव. पाणवठ्यावर उभी असलेली जवळपास प्रत्येक बाई काहीतरी सोसत होती, आणि सरकारी कागदावर तिचं दुखणं कुठेच नव्हतं. ते बाहेरून आलेल्या माणसांनी विचारलं म्हणून दिसलं. पुढे १९९६ साली कुटुंबनियोजनाची टार्गेटं काढून टाकण्यात आली, १९९७मध्ये देशभर प्रजनन आणि बालआरोग्य कार्यक्रम आला आणि त्यात जननमार्गाच्या संसर्गावरचे उपचारही धरले गेले. सगळं श्रेय एका संस्थेला द्यायचं नाही. पण जे मोजलंच गेलं नाही, त्यावर औषध कोण पाठवणार?

दुसरी गोष्टही गडचिरोलीचीच. तिथल्या ३९ गावांत गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं गेलं. नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झालं. ते निष्कर्ष १९९९मध्ये छापून आले. २०११मध्ये केंद्र सरकारनं हीच पद्धत आशांच्या कामात घातली. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर सहा भेटी: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी.

ही भेट कशी असते ते मी पाहिलंय. जाऊबाईंनी आधी साबणानं हात धुतले, ते वाळेपर्यंत तसेच वर धरून बसल्या. बाळाच्या काखेत थर्मामीटर. मग झोळीचा काटा हातात धरून वजन. मग पूर्ण एक मिनिट बाळाच्या पोटाकडे बघत श्वास मोजणं, आणि त्या मिनिटात घरातल्या कुणालाही बोलू द्यायचं नाही. त्यानंतर त्या आईकडे वळल्या. ‘अंगावरून किती जातंय? कापड कितीदा बदललंस?’ उत्तर सासूनं दिलं: ‘बरी आहे ती.’ जाऊबाई म्हणाल्या, ‘आत्या, तिला बोलू द्या.’ मग ती बोलली. ताप होता तिला, दोन दिवसांपासून. त्याच दुपारी तिला ग्रामीण रुग्णालयात नेलं.

ही सहा भेटींची पद्धत मंत्रालयातल्या टेबलावर तयार झालेली नाही. पण ती आज गावोगाव चालते, कारण सरकारनं ती स्वतःच्या अंगावर घेतली, स्वतःच्या बजेटमध्ये बसवली. (आशांना सहा भेटींचे मिळून २५० रुपये ठरले होते. एवढ्या कामाला ते किती तोकडे आहेत, यावर मेसेजवाल्यानं दोन ओळी लिहिल्या असत्या तर मी त्याच्या बाजूनं उभी राहिले असते.)

शहरातलं उदाहरण मुंबईचं आहे. २००० सालाच्या आसपास वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात ‘सेहत’ ही संस्था आणि महापालिका यांनी मिळून ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. कॅज्युअल्टीत बाई यायची. केसपेपरवर ‘घरात पडली’, नाहीतर ‘चुकून फिनेल प्यायली’. टाके घालायचे, पोट धुवायचं, घरी पाठवायचं. त्याच घरी, त्याच माणसाकडे. दिलासानं काय केलं, तर रुग्णालयातल्याच नर्सेस आणि समाजसेविकांना शिकवलं की नवऱ्याला बाहेर बसवून बाईला एकटीला विचारायचं, मारहाण झाली असेल तर तशी नोंद करायची, आणि ओपीडीतल्याच खोलीत समुपदेशकाकडे पाठवायचं. पोलीस चौकीत जायला बाईला सतरा जणांना सांगावं लागतं, दवाखान्यात ती औषधाच्या निमित्तानं येऊ शकते. संस्थेनं काही वर्षांनी केंद्र महापालिकेच्या हाती दिलं, आणि पुढे राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानातून ते मुंबईतल्या इतरही रुग्णालयांत पोहोचलं. नर्सेस आधीपासून तिथेच होत्या, जखमाही तिथेच होत्या. विचारायचं कसं, हे शिकवणारं कुणीतरी लागलं.

‘परदेशी पैशावर आपल्या मुलींवर प्रयोग होतात.’

हा मुद्दा मी झटकून टाकणार नाही, कारण यात एक खरी जखम आहे. २००९मध्ये आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात ‘पाथ’ ही अमेरिकी संस्था, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि दोन्ही राज्य सरकारं यांनी मिळून दहा ते चौदा वर्षांच्या हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची एचपीव्ही लस दिली. सात मुलींचे मृत्यू झाल्यावर एप्रिल २०१०मध्ये कार्यक्रम थांबवला. चौकशीत मृत्यूंचा संबंध लसीशी जोडता आला नाही. पण संमतीच्या कागदांवर आईबापांच्या ऐवजी आश्रमशाळा-वसतिगृहांच्या वॉर्डनच्या आणि मुख्याध्यापकांच्या सह्या निघाल्या. त्यांत आदिवासी मुली पुष्कळ होत्या. २०१३मध्ये संसदेच्या स्थायी समितीनं यावर कडक ताशेरे ओढले, आणि ते योग्यच होते. मी स्वतः शिक्षिका आहे. माझ्या वर्गातल्या पोरीच्या अंगात सुई जाणार असेल तर त्यावर मी तिच्या आईच्या जागी सही करू शकत नाही, कुणी कितीही मोठा साहेब सांगो.

पण मेसेज इथून उडी मारून ‘म्हणून लसच नको, संस्थाच नको’ यावर जातो. त्या प्रकरणात गुन्हा घडला तो संमती घेण्यात आणि दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्यात. सह्या सरकारी शाळांत झाल्या, परवानग्या सरकारी संस्थांनी दिल्या. बाहेरची संस्था नसती आणि खात्यानं एकट्यानं असंच केलं असतं, तर चाललं असतं का? छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ नोव्हेंबर २०१४मध्ये सरकारच्याच नसबंदी शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली आणि १३ जणी गेल्या. तिथे परदेशी पैसा नव्हता, टार्गेट होतं. आणि लसीचं म्हणाल तर सिक्कीमनं २०१८मध्ये शाळांमधून, आईबापांशी बोलून, तीच लस जवळजवळ सगळ्या पात्र मुलींपर्यंत पोहोचवली. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची देशी एचपीव्ही लसही २०२२मध्ये मंजूर झाली. गर्भाशयमुखाचा कॅन्सर आपल्या देशात दर वर्षी हजारो बायकांना नेतो. ‘प्रयोग, प्रयोग’ म्हणून भीती पसरवणाऱ्यानं या बायकांचाही हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा.

‘पैसा विम्यात घाला, बाई हव्या त्या दवाखान्यात जाईल.’

मामा, हे वाचत असाल तर बीड आठवा. तुम्ही स्वतः त्या भागात नोकरी केलीत. ऊसतोडीला जाणारं जोडपं म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली. एक दिवस खाडा पडला तर दंड. राहायच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, संडास नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांतही मोळ्या उचलायच्या. अंगावरून जायला लागलं की गावाजवळचा खासगी डॉक्टर सांगतो, ‘पिशवी सडलीय, कॅन्सर होईल, काढून टाका.’ राज्य सरकारनं २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. बहुतेक ऑपरेशनं खासगी दवाखान्यांतली. त्या बायका ‘हव्या त्या दवाखान्यात’च गेल्या होत्या.

विमा कार्डानं हे थांबत नाही, उलट वाट रुंद होऊ शकते. छत्तीसगडमध्ये २०१२ साली विमा कार्डावरचे पैसे मिळवायला खासगी डॉक्टरांनी गरज नसताना पिशव्या काढल्याचं प्रकरण उघडं पडलं होतं. आणि नुसतं खासगी डॉक्टरांना बाळंतपणामागे ठरावीक रक्कम देण्याचा प्रयोगही झालेला आहे. गुजरातची चिरंजीवी योजना, २००५ अखेरीस पाच जिल्ह्यांत सुरू झालेली. तिचं फार कौतुक झालं. नंतर २०१४मध्ये छापलेल्या अभ्यासात दिसलं की योजनेमुळे दवाखान्यातल्या बाळंतपणांत म्हणावी अशी वाढ झाली नाही आणि घरच्यांचा खर्चही घटला नाही. सरकारनं बाहेरच्याशी केलेली भागीदारीच होती ती. म्हणजे भागीदारी म्हटलं की सगळं पवित्र, असं मी अजिबात म्हणत नाही. पैसे देऊन सरकार बाजूला झालं, की बाई आणि बिल एवढंच उरतं. अठ्ठावीस वर्षांच्या बाईला ‘पिशवी काढायची गरज नाही, आधी ही गोळी घे’ असं सांगायला ज्याला तिच्या ऑपरेशनमधून काही मिळत नाही असाच माणूस लागतो. तो सरकारी दवाखान्यात असायला हवा, आणि तिथपर्यंत तिचा हात धरून नेणारं कुणीतरी गावात असायला हवं.

राहिला ‘काम शून्य, पैसे खातात’.

खाणाऱ्या संस्था आहेत. न खाता निरुपयोगी असणाऱ्याही आहेत. आमच्याच तालुक्यात एक संस्था रक्तक्षयाची तपासणी करायला आली होती. बोटाला सुई टोचली, कागदावर आकडे लिहिले, फोटो काढले. प्रोजेक्ट संपला आणि ती माणसं गेली. वर्षभर बायका जाऊबाईंना विचारत होत्या, ‘आमच्या रक्ताचं काय निघालं?’ त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, कारण कागद उपकेंद्रात दिलेच नव्हते. मला अजून त्याचा राग आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या रक्तक्षय असलेल्या बायकांचं प्रमाण चौथ्या फेरीत ४८ टक्के होतं, पाचव्या फेरीत ५४ टक्क्यांवर गेलं. हे अपयश सगळ्यांचं आहे, सरकारचं आणि संस्थांचंही.

पण ‘शून्य’? महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू २००४-०६मध्ये १३० होते. २०१८-२० मध्ये ३३. देशाचा आकडा तेव्हा ९७ होता. यात रस्ते आले, शिक्षण आलं, गाड्या आल्या, सरकारी नर्सा आल्या आणि गावोगावच्या आशाही आल्या. त्या आशांची कल्पना जामखेडला १९७०पासून आरोळे दांपत्यानं गावातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवून सिद्ध केलेल्या कामाशी नातं सांगते. परदेशी निधीवरही २०२०च्या कायदाबदलानंतर एवढी बंधनं आहेत की मोठ्या संस्थेला तो पैसा तालुक्यातल्या छोट्या संस्थेला पुढे देताच येत नाही. फटका बसला तो गावात काम करणाऱ्या लहान संस्थांना.

आणि चोरी पकडायची असेल तर त्याचीही पद्धत याच भागीदारीतून आलेली आहे. २००७पासून महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती, उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. सरकारच्याच आरोग्य अभियानाचा पैसा, आणि पुण्याच्या ‘साथी’सह स्थानिक संस्थांचं काम. गावकऱ्यांनी आपल्या दवाखान्याचं प्रगतिपुस्तक भरायचं: चांगलं तर हिरवा, बरं तर पिवळा, वाईट तर लाल रंग. मग जनसुनवाई. मांडवात एका बाजूला अधिकारी, समोर बायका. बाळंतपणाला पैसे कुणी मागितले, गाडी का आली नाही, औषध बाहेरून का आणायला लावलं, हे माईकवर विचारायचं आणि उत्तर तिथेच घ्यायचं.

आमच्या गावाच्या ग्राम आरोग्य समितीचा फलक अंगणवाडीच्या भिंतीवर आहे. त्यावर सदस्यांची नावं आहेत, खर्चाचा रकाना कोरा आहे. उपकेंद्रातली नर्सबाईची एक जागा दिवाळीपासून रिकामी आहे. पुढच्या ग्रामसभेत मी आणि जाऊबाई हे दोन्ही विचारणार आहोत. मामा, तुम्ही त्या दिवशी गावात असाल तर या.