पवनीला काशी म्हणू नका, पवनीच म्हणा

कार्तिक लागला की भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या पवनीत वैनगंगेच्या घाटांवर कॅमेरेवाले दिसू लागतात. नागपूरहून, भंडाऱ्याहून, हल्ली पुण्याहूनही. ते येतात याचा मला आनंदच आहे. पण चार दिवसांनी त्यांचे फोटो पाहिले की जीव खट्टू होतो. दिवा, धुकं, देवळाचं शिखर, डोंग्यात एकटा म्हातारा. खाली ओळ ठरलेली : ‘विदर्भाची काशी’.

यात पवनी कुठे आहे?

तीन बाजूंनी तट आणि खंदक, चौथ्या बाजूला नदी, असं हे गाव. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्यानं खोदकाम केलं तेव्हा बौद्ध स्तूप निघाला. कोरीव दगडी खांब निघाले, त्यांवर ब्राह्मी अक्षरं. दोन हजार वर्षांहून जुनी वस्ती आहे ही. तिला दुसऱ्या गावाचं नाव उसनं कशाला? लोक घाटावरून थेट गाडीत बसतात. तटाच्या मातीवर ऊन कसं उतरतं ते कोणी थांबून पाहत नाही.

मागच्या हिवाळ्यात एक ग्रूप एका ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातल्या काकांना जाळं फेकायला लावत होता. एकदा नाही, परत परत. जाळं हवेत गोल उघडलं पाहिजे आणि मागे सूर्य पाहिजे. अंगातलं टी-शर्ट काढायला लावलं, डोंग्यातला निळा प्लास्टिकचा डबा उचलायला लावला. काकांनी सगळं केलं, मासोळीची वेळ मात्र गेली. मी मध्ये बोललो नाही, कारण मीही तिथेच उभा राहून फोटो काढत होतो. याची खंत आजही आहे. ते गेल्यावर काका म्हणाले, “फोटो त सारेच नेतेत भाऊ, आनून कोनी देत नाई.”

खरं तर इथला उजेड इतका उदार आहे की कोणाला काही करायला लावायची गरजच नाही. गाव नदीच्या पश्चिम तीरावर. त्यामुळे सकाळी पलीकडून सूर्य वर येतो आणि पायऱ्या उतरणाऱ्यांच्या थेट तोंडावर ऊन पडतं. पहिला अर्धा तास ते इतकं कोवळं असतं की मोबाईलवरही चेहरे सुंदर येतात. संध्याकाळी उलट, घाट लवकर अंधारतो. तेव्हा लाखांदूरकडच्या काठावर जा, सगळी शिखरं काळ्या रेषेत उभी दिसतील. आंघोळ करणाऱ्या बाया आणि अस्थी सोडायला आलेली माणसं दिसली की मात्र कॅमेरा खाली. याला अपवाद नाही. आणि पावसाळ्यात पात्रातल्या खडकांवर उतरू नका. वरच्या अंगाला गोसेखुर्द धरण आहे, ३३ दारं आहेत त्याला. आकाश निरभ्र असतानाही पाणी चढू शकतं.

आता जलपर्णीचं. हिरवी जलपर्णी फ्रेममध्ये आली की लोक कोन बदलतात. का बदलता? नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला मिळतं, कन्हान वैनगंगेला, आणि ते सगळं गोसेखुर्दच्या पाण्यात येतं. ज्या शहरातून तुम्ही पहाटे निघालात, त्याच शहरातून हे पाणीही निघालेलं असतं. आमच्या नदीचा चेहरा आज असा आहे. तो कापून काढलेला फोटो कितीही देखणा असो, मला तो अर्धा वाटतो. दहा वर्षांनी कोणी विचारलं, नदी कशी होती, तर दाखवायला आपल्याकडे काय असेल?

त्या काकांचा फोटो मी भंडाऱ्याहून मोठा प्रिंट करून आणला आणि घरी नेऊन दिला. काकूंनी हात पदराला पुसून तो धरला. काकांनी बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “डबा कुठं गेला जी? झिंगे त त्यातच रायतेत.”

माझा फोटो डबा उचलण्याआधीचा होता, पण निळा रंग डोळ्यांत खुपतो म्हणून मी तो कडेनं कापला होता. आठ दिवसांनी डब्यासकट दुसरा प्रिंट नेला. आता तोच त्यांच्या देव्हाऱ्याशेजारी लावलेला आहे.