स्वीपर बांधताना आधी त्याला कोण अडवेल ते पाहा

पोकेमॉनच्या स्पर्धात्मक खेळात नव्याने आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला पहिली भुरळ पडते ती स्वीपरची. एकच पोकेमॉन मैदानात उतरतो, एक चाल स्वतःची ताकद वाढवण्यात खर्च करतो आणि मग समोरचे तीन-चार पोकेमॉन एकामागोमाग आडवे करतो, हे ज्याने एकदा पाहिले त्याला आपल्याही टीममध्ये तसा एक हवाच असतो. मलाही तो हवा होता आणि अजूनही प्रत्येक टीम बांधताना मी तिथूनच सुरुवात करतो. पण नवे खेळाडू त्यांच्या टीम दाखवायला पाठवतात तेव्हा एक गोष्ट वारंवार दिसते. आपला स्वीपर किती जोरात मारतो, हे प्रत्येकाला पाठ असते. त्याला नेमके कोण अडवते, हे विचारले की उत्तर यायला वेळ लागतो. माझे स्पष्ट मत आहे की बांधणीची सुरुवात या दुसऱ्या प्रश्नापासून व्हायला हवी आणि सामना खेळतानाही पहिल्या चालीपासून तोच प्रश्न डोक्यात हवा.

हे मत कसे बनले ते सांगण्यासाठी गॅराडॉसचेच उदाहरण घेतो, कारण मी सर्वाधिक सामने त्यालाच घेऊन खेळलो आहे. खाली दिलेले आकडे लेव्हल 100 चे आहेत. ड्रॅगन डान्स ही मूव्ह (पोकेमॉन एका चालीत करतो ती कृती) एकदा वापरली की अटॅक, म्हणजे मारण्याची ताकद, आणि स्पीड, म्हणजे आधी कोण हलणार ते ठरवणारा वेग, दोन्ही दीडपट होतात. सगळीकडे सुचवली जाणारी मांडणी अशी असते, की अटॅकमध्ये 252 ईव्ही (अटॅक-स्पीडसारखे स्टॅट वाढवण्यासाठी वाटायचे सरावाचे गुण), स्पीडमध्ये 252 ईव्ही आणि नेचर, म्हणजे पोकेमॉनचा स्वभाव, अ‍ॅडमंट, म्हणजे अटॅक आणखी दहा टक्के जास्त. या मांडणीत गॅराडॉसचा अटॅक 383 होतो आणि स्पीड 261. एका ड्रॅगन डान्सनंतर हा स्पीड 391 वर जातो. मीही तेच केले होते, कारण 391 हा आकडा कोणालाही पुरेसाच वाटेल.

मित्रासोबतच्या एका सामन्यात माझ्या गॅराडॉसने अगदी योग्य वेळी, समोरच्याला काहीच करता येणार नाही अशा क्षणी, ड्रॅगन डान्स साधला आणि पुढच्या दोन चालींत दोन पोकेमॉन पाडले. तिसरा आला जोल्टिऑन. मी निर्धास्तपणे अर्थक्वेक निवडली, आणि स्क्रीनवर आधी जोल्टिऑनची थंडरबोल्ट आली. गॅराडॉस पाणी आणि उड्डाण अशा दोन्ही प्रकारांचा असल्याने विजेचा मार त्याला चौपट बसतो, त्यामुळे पुढे काही उरलेच नाही. जोल्टिऑनचा स्पीड पूर्ण वाढवला आणि नेचरही वेगाचेच दिले, तर तो 394 होतो. फरक तीनचा. तेच गॅराडॉस जॉली, म्हणजे अटॅकऐवजी स्पीड वाढवणाऱ्या, नेचरचे असते तर ड्रॅगन डान्सनंतर त्याचा स्पीड 430 असता आणि जोल्टिऑनला हलायलाही मिळाले नसते.

जॉलीची किंमत आहेच. अटॅक 383 ऐवजी 349 होतो आणि काही ठिकाणी एका फटक्यात पडणारा पोकेमॉन मग दुसऱ्या फटक्यापर्यंत तग धरतो. म्हणून अ‍ॅडमंट चूक आणि जॉली बरोबर, असे मी म्हणणार नाही. मी म्हणतो ते इतकेच, की हा निर्णय सवयीने घ्यायचा नसतो. आपण ज्या टियरमध्ये (पोकेमॉनच्या ताकदीनुसार पाडलेल्या गटात) खेळतो तिथे 391 ते 430 या पट्ट्यात कोण कोण येते, त्यांतले किती जण गॅराडॉसला खरोखर मारू शकतात आणि त्यांच्यासाठी टीममध्ये दुसरा कोणी आहे का, हे पाहूनच नेचर ठरवावे. बेस स्पीड (ईव्ही आणि नेचर धरण्याआधीचा मूळ वेग) 130 असलेले, जोल्टिऑनसारखे पोकेमॉन जिथे फारसे दिसत नाहीत तिथे अ‍ॅडमंटची जादाची ताकद मीही आनंदाने घेईन.

त्या सामन्यातली मोठी चूक मात्र नेचरची नव्हती. टीम प्रिव्ह्यूमुळे, म्हणजे 2010 च्या ब्लॅक आणि व्हाइटपासून, समोरचे सहाही पोकेमॉन सामना सुरू होण्याआधी दिसतात. जोल्टिऑन मला पहिल्या क्षणापासून दिसत होता. माझ्याकडे एक्सकॅड्रिल होता, ज्याला विजेचा मार लागतच नाही आणि जो जोल्टिऑनला एका अर्थक्वेकमध्ये संपवू शकला असता. पण तो मी पाचव्या चालीतच, दुसऱ्याच कोणाच्या तरी मागे लागून, गमावून बसलो होतो. गॅराडॉसचा मार्ग मोकळा करणे हेच ज्याचे काम होते त्याला मी किरकोळ कामावर खर्ची घातले. ही चूक बहुतेक पराभवांत असते, फक्त ती पराभवाच्या पंधरा चाली आधी झालेली असल्याने खेळाडूच्या लक्षात येत नाही.

म्हणूनच आता स्वीपर निवडला की मी आधी त्याला अडवणाऱ्यांची यादी काढतो आणि त्यानंतरच उरलेले पाच निवडतो. गॅराडॉसच्या यादीत सर्वांत वर रोटॉम-वॉश असतो. पोकेमॉन खेळांच्या पाचव्या पिढीत त्याला वीज आणि पाणी असे दोन प्रकार मिळाले, आणि लेव्हिटेट या हवेत तरंगण्याच्या क्षमतेमुळे अर्थक्वेक त्याला लागत नाही. वॉटरफॉल ही पाण्याची मूव्ह अर्धीच लागते आणि उलट तो वीज मारतो. त्याची एकमेव दुबळी बाजू म्हणजे गवत प्रकाराचा मार. आठव्या पिढीत गॅराडॉसला पॉवर व्हिप ही गवत प्रकाराची मूव्ह मिळाल्यावर त्याच्यावर थेट घाव घालण्याची सोय झाली, पण त्यासाठी चारपैकी एक जागा द्यावी लागते आणि मग दुसरे कोणीतरी सुटते. चार मूव्हपैकी एक ड्रॅगन डान्सलाच जाते, त्यामुळे हल्ल्याच्या तीनच मूव्ह उरतात आणि तीन मूव्हमध्ये सगळ्यांना मारता येत नाही. प्रत्येकासाठी काहीतरी ठेवण्याच्या नादात अनेक जण आपला मुख्य मार दुबळा करतात. त्यापेक्षा एखाद्याला आपला गॅराडॉस मारू शकत नाही हे मान्य करून ते काम दुसऱ्याकडे सोपवलेले मला अधिक पटते. रोटॉम-वॉशकडे स्वतःला बरे करण्याची खात्रीची मूव्ह नसते. मैदानात स्टेल्थ रॉक (आत येणाऱ्याला इजा करणारे दगड) पसरलेले असतील तर प्रत्येक वेळी आत येताना त्याचे 12.5 टक्के आरोग्य जाते. लेफ्टओव्हर्स ही वस्तू हातात दिल्याने थोडे परत मिळत असले, तरी चार-पाच वेळा त्याला नाइलाजाने आत यायला लावले की तो पहिल्यासारखी भिंत राहत नाही, आणि मग वाढलेल्या अटॅकची अर्धी लागणारी वॉटरफॉलही त्याला पेलवत नाही.

स्टेल्थ रॉकचा विषय निघालाच आहे तर एक बारीक गोष्ट सांगतो, कारण बांधणीतली खरी मजा मला अशाच जागी सापडते. एकूण ईव्ही 510 मिळतात, एका स्टॅटला जास्तीत जास्त 252 देता येतात आणि 4 ईव्हींमागे एक अंक वाढतो. म्हणजे दोन स्टॅट पूर्ण भरल्यावर शेवटी 4 ईव्ही कामाच्या उरतात, आणि बहुतेक जण ते डोळे मिटून एचपीमध्ये, म्हणजे आरोग्याच्या अंकांत, टाकतात. गॅराडॉसच्या बाबतीत तसे करू नये. एचपीमध्ये काहीही न टाकता त्याचे एचपी 331 असतात आणि 4 टाकले की 332. उड्डाण प्रकारामुळे स्टेल्थ रॉक त्याचे एक चतुर्थांश आरोग्य खातात, आणि खेळ हा भागाकार खालच्या पूर्णांकात करतो. 332 एचपी असताना प्रत्येक प्रवेशाला बरोबर 83 जातात आणि चौथ्या प्रवेशाला तो कोसळतो. 331 असताना 82 जातात, चार वेळा मिळून 328, आणि तो 3 एचपीवर का होईना, उभा राहतो. एक अंक कमी असण्याने एक प्रवेश जास्त मिळतो. ते 4 ईव्ही स्पेशल डिफेन्समध्ये टाकावेत. 2019 च्या स्वोर्ड आणि शील्डमध्ये हेवी-ड्यूटी बूट्स ही स्टेल्थ रॉकपासून वाचवणारी वस्तू आली आणि हा प्रश्न पुष्कळसा सुटला, पण बूट दिले की हातात दुसरी वस्तू देता येत नाही. लाइफ ऑर्ब या दुसऱ्या वस्तूने मार तीस टक्क्यांनी वाढतो आणि प्रत्येक यशस्वी हल्ल्याला दहा टक्के आरोग्य जाते. स्टेल्थ रॉक हटवण्याची सोय टीममध्ये असेल तरच तो सौदा परवडतो.

जुन्या खेळांशी ज्यांचा संबंध आला नाही त्यांच्यासाठी एक लहानसे विषयांतर. ड्रॅगन डान्स तिसऱ्या पिढीत आली तेव्हा गॅराडॉसची वॉटरफॉल त्याच्या काहीच उपयोगाची नव्हती, कारण त्या काळी पाण्याच्या सगळ्या मूव्ह स्पेशल अटॅकवर (अटॅकहून वेगळ्या स्टॅटवर) चालत आणि तो त्याचा अगदी बेताचा, बेस 60, तर अटॅक बेस 125. 2006 मध्ये डायमंड आणि पर्लमध्ये प्रत्येक मूव्ह स्वतंत्रपणे फिजिकल (अटॅकवर चालणारी) किंवा स्पेशल ठरू लागली आणि गॅराडॉसला पहिल्यांदाच स्वतःच्या प्रकाराचा दमदार मार मिळाला. त्याच खेळांत स्टेल्थ रॉकही आले. एका हाताने मिळाले आणि दुसऱ्या हाताने गेले, असेच ते झाले.

आता खेळण्याविषयी. ड्रॅगन डान्स वापरायला जी एक चाल लागते ती आपोआप मिळत नाही, ती मिळवावी लागते. गॅराडॉसची इंटिमिडेट ही क्षमता आत येताच समोरच्याचा अटॅक एका पायरीने, म्हणजे दोन तृतीयांशावर, आणते. त्यामुळे फिजिकल मारणाऱ्यासमोर तो तुलनेने निश्चिंतपणे ताकद वाढवू शकतो. मॉक्सी ही दुसरी क्षमता घेतली तर प्रत्येक पोकेमॉन पाडल्यावर अटॅक वाढत जातो, पण सुरुवातीची ती चाल मिळवणे कठीण होते. मी इंटिमिडेट घेतो. सुरू झालेली घोडदौड मॉक्सीने अधिक जोरदार होते हे खरे, पण माझे सामने घोडदौड सुरूच न झाल्याने जास्त वेळा गेले आहेत.

ती चाल मिळवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे आपला एक जखमी पोकेमॉन जाणूनबुजून पडू देणे. त्यानंतर आत येणाऱ्याला कोणताही हल्ला झेलावा लागत नाही. नव्या खेळाडूंना हे फार जड जाते. दहा टक्के आरोग्य उरलेल्या पोकेमॉनला वाचवण्यासाठी ते स्वीपरलाच हल्ल्यासमोर आत आणतात आणि ज्याचे आरोग्य सर्वांत मोलाचे त्याचेच चाळीस टक्के घालवतात. तो दहा टक्क्यांचा पोकेमॉन पुढे काय करणार आहे, हा प्रश्न स्वतःला विचारला तर बहुधा काहीच नाही, असेच उत्तर येते.

ताकद वाढवल्यावरही हाव सुटत नाही. एकदा ड्रॅगन डान्स झाली, समोरचा अजून काही करू शकलेला नाही, मग दुसरी का नको, असे वाटते. इथे माझा नियम कडक आहे. पहिल्या डान्सनंतर समोरचे उरलेले सगळे पडत असतील तर दुसरी वापरायची नाही, कारण प्रत्येक जादा चाल म्हणजे क्रिटिकल हिट (नशिबाने बसणारा जादा मार), थंडर वेव्ह (वेग घटवणारी मूव्ह) किंवा रोअर (समोरच्याला बाहेर घालवणारी मूव्ह) यांना दिलेली जादा संधी. सातव्या पिढीपासून क्रिटिकल हिटची शक्यता साधारणपणे 24 मध्ये 1 असते, आणि रोअरने गॅराडॉस बाहेर फेकला गेला की सगळी वाढ शून्यावर येते. उलट, हिशेबात एखादा पोकेमॉन काठावर वाचत असेल तर दुसरी डान्स योग्यच आहे. मारात 85 ते 100 टक्क्यांपर्यंतचे 16 वेगवेगळे आकडे येऊ शकतात. माराचा हिशेब करणारा कॅल्क्युलेटर सोळापैकी पंधरा वेळा पडेल असे सांगत असेल तर मी थेट मारतो, सोळापैकी नऊ सांगत असेल तर आधी दुसरा मार्ग शोधतो.

आणि काही सामने स्वीपरचे नसतातच. समोर क्वॅगसायरसारखा अनअवेअर क्षमतेचा पोकेमॉन धडधाकट असेल, जो आपली वाढलेली ताकद मोजतच नाही, आणि त्याला पाडणारा माझा साथीदार गेलेला असेल, तर गॅराडॉसला राखून ठेवण्यात अर्थ उरत नाही. अशा वेळी इंटिमिडेटसाठी त्याला आतबाहेर करावे, मार झेलायला लावावे, प्रसंगी पडूही द्यावे, आणि सामना दुसऱ्या कोणाकडून जिंकावा. ज्याच्यासाठी सगळी टीम बांधली त्यालाच वापरून टाकणे मनाला पटत नाही, मलाही पटायला फार दिवस लागले, पण ज्या दिवशी ते जमले त्या दिवसापासून माझे हातातून गेलेले सामने परत यायला लागले.

2022 च्या स्कार्लेट आणि व्हायोलेटमध्ये या हिशेबाचे रूप थोडे बदलले. टेरास्टलायझेशनमुळे सामन्याच्या मध्येच पोकेमॉनचा प्रकार बदलता येतो, त्यामुळे कागदावर काढलेली यादी एका क्षणात खोटी ठरू शकते. ड्रॅगनाइट नॉर्मल प्रकाराचा झाला की त्याच्या एक्स्ट्रीम स्पीडला स्वतःच्या प्रकाराचे बळ मिळते, आणि ती मूव्ह जवळजवळ सगळ्यांच्या आधी लागते. किंगॅम्बिट तर बेस स्पीड अवघा 50 असूनही भल्याभल्यांचे सामने संपवतो, कारण सुप्रीम ओव्हरलॉर्ड या क्षमतेमुळे पडलेल्या प्रत्येक साथीदारामागे त्याचा मार दहा टक्क्यांनी वाढतो आणि सकर पंच या आधी लागणाऱ्या मूव्हमुळे त्याला वेगाची गरज कमी भासते. पण किंगॅम्बिटलाही बर्न झाले, म्हणजे तो भाजला गेला, की फिजिकल मार अर्धा होतो, आणि त्याच्या टीममध्येही बर्न देणाऱ्याला आधी संपवणारा कोणीतरी लागतोच.

टीम पाहून मत द्या असे ज्यांनी गेल्या आठवड्यात लिहिले होते, त्यांना माझी एक विनंती आहे. टीमसोबत आपल्या स्वीपरला अडवणाऱ्या तीन पोकेमॉनची नावे लिहा आणि प्रत्येकापुढे आपल्यातला कोण त्याला बघून घेणार आहे तेही लिहा. तिसऱ्या नावापुढची जागा रिकामी राहिली तरी चालेल, आपण तिथूनच बोलायला सुरुवात करू.