कार्बन बीचला जाताय? मग हे वाचाच

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याहून निघालेल्यांनी सर्वांत आधी एक लक्षात ठेवावे, समुद्र कोणत्या दिशेला आहे हे अजिबात बघायचे नाही. पोर्ट ब्लेअरचा कॉर्बिन्स कोव्ह (आपल्याकडे 'कार्बन बीच') बेटाच्या पूर्व अंगाला आहे, म्हणजे तिथे सूर्य पाण्यातून वर येतो. पण आपण संध्याकाळी सहालाच जायचे आणि सूर्यास्ताची वाट बघत बसायचे. डिसेंबरात तिथे पाचला दिवस मावळतो. तरी रिक्षावाल्याला खडसवायचे, "काय भो, घड्याळ तर भारताचंच आहे ना?"

सामानात कपडे कमी, शेव जास्त. ठेच्याची बरणी मात्र हातातल्या पिशवीतच ठेवा. विमानतळावर तपासणीवाला झाकण उघडतो, हुंगतो आणि तीनदा शिंकतो. मागची रांग आपल्याकडे बघते. मावशी म्हणतात, "घ्या ना थोडा, घरचा आहे."

चेन्नईपासून सुमारे १,३५० किलोमीटर पाणी ओलांडून गेलात की पहिले वाक्य ठरलेले: "आपलं जळगावचं मेहरूण तळं काय वाईट होतं?" मगरीपासून सावध राहण्याची पाटी दिसली तर मोठ्याने वाचा आणि लगेच पाण्यात उतरा, हतनूर धरणाच्या पाण्यात पोहलेल्या माणसाला मगर ओळखतेच. जपानी सैन्याने १९४२ ते १९४५ या काळात बेटे ताब्यात असताना बांधलेले बंकर जवळच आहेत. सावली चांगली पडते. कळण्याची भाकरी तिथेच सोडा.

कॉर्बिन कोण, हे मात्र विचारू नका, जेवण जाणार नाही. हे हेन्री कॉर्बिन नावाचे पाद्री. १८६३ मध्ये त्यांनी रॉस बेटावर 'अंदमान होम' काढले. जंगलातल्या मूळ अंदमानी लोकांना तिथे आणून इंग्रजी आणि शिस्त शिकवायची, आणि शिकणाऱ्याला घरी जावेसे वाटले तर जाऊ द्यायचे नाही, अशी ती सोय. पुढे रॉसचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झाले, हॅवलॉकचे स्वराज द्वीप झाले, २०२४ मध्ये खुद्द पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम झाले. पाद्रीबुवा मात्र वाळूवर ठाण मांडून आहेत. नशीब म्हणायचे.

गाइड सेल्युलर जेल दाखवेल तेव्हा भीमा नाईकाचे नाव काढून त्याला अडचणीत आणू नका. १८५७ च्या धामधुमीत सातपुड्यात इंग्रजांशी लढलेला हा भिल्ल नायक काळ्या पाण्यावर आणला गेला आणि १८७६ मध्ये इथेच वारला, जेलची पहिली वीट बसायच्या वीसेक वर्षे आधी. तुमच्या गच्चीवरून दिसतो तोच सातपुडा. पण गाइडला चार वाजता दुसरी गाडी असते, आणि तुम्हाला नारळपाणी प्यायचे असते.

परतताना वाळूत काडीने मोठ्या अक्षरांत 'चोपडा' लिहा. लाट 'डा' घेऊन जायच्या आत फोटो काढा आणि भाऊबंदांच्या ग्रुपवर टाका: कार्बन बीचवरून सर्वांना शुभ सकाळ. अंधार पडला असला तरी.