सात लॉऱ्या आणि एक वायपर

वाघोलीच्या एका दगडखाणीच्या कचेरीत मी 1984 साली कारकून म्हणून रुजू झालो, तेव्हा माझ्या नेमणुकीच्या पत्रात ‘हिशेब व पत्रव्यवहार’ एवढेच लिहिलेले होते. रोज सकाळी साडेसहाला सातांपैकी निदान दोन लॉऱ्यांना खांदा द्यावा लागेल, हा उल्लेख शेठनी शिताफीने टाळला होता. खांदा देणे हा शब्दप्रयोग मराठीने एरवी शेवटच्या प्रवासासाठी राखून ठेवला आहे. आमच्याकडे तो पहिल्या फेरीसाठी वापरत असत.

तिथला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे, असे भूगर्भशास्त्र सांगते. त्याच्या शेजारी उभ्या राहिल्यावर आमच्या लॉऱ्या तरी तरुण दिसायला हव्या होत्या, पण आलेला पाहुणा एकदा कातळाकडे, एकदा लॉरीकडे पाहून गप्प बसे. सर्वांत जुनी ती ‘आक्का’. टाटांनी 1954 साली जमशेदपूरला डेमलर-बेंझच्या सहकार्याने मालमोटारी बांधायला घेतल्या, तो करार 1969 पर्यंत चालला, आणि त्या काळातल्या गाड्यांच्या नाकावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा असे. आक्काच्या ताऱ्याची दोनच टोके उरली होती. तरीही मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांत शेठनी ‘आमच्याकडे मर्सिडीज आहे’ असे सांगितले होते, आणि ते खोटे होते असे मला आजही म्हणवत नाही.

दोष लॉऱ्यांचा नव्हता, हे आधी सांगितले पाहिजे. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, आणि तेवढी खडी चार-साडेचार टन भरते. हौदा दोन ब्रासचा असला, तरी फाळक्याच्या वर खडीचा डोंगर उभा राहिल्याशिवाय गाडी भरली असे शेठ मानत नसत. खाणीच्या तळातून वर येणारा रस्ता चढाचा आणि फुटक्या दगडांचा असल्यामुळे टायर कापले जात, पाटे तुटत, आणि क्रशरची भुकटी एअर फिल्टरमध्ये अशी बसे की इंजिनाला दमा जडे. म्हणूनच संध्याकाळी प्रत्येक ड्रायव्हर आपली गाडी उतारावर, चाकाखाली दगड लावून उभी करी, म्हणजे सकाळी दगड काढला की ती आपसूक सुरू व्हावी. उतारावर जागा मात्र पाचच गाड्यांची होती. उरलेल्या दोघींसाठी कचेरीतला कर्मचारीवर्ग, म्हणजे मी, उपलब्ध होता.

“भाऊसाहेब, आक्का आज उठायची न्हाय,” असे मामा दारातूनच सांगत. मामा आमचे सर्वांत जुने ड्रायव्हर. त्यांच्या आवाजात अशा वेळी घरातल्या दुखणाईताविषयी बोलावे तशी काळजी असे, त्यामुळे डिझेलच्या वहीत डोके खुपसून बसणे मला माणुसकीला धरून वाटत नसे. मी बाह्या सरसावून मागे उभा राही, आणि आक्का उठली की सायलेन्सरमधला पहिला काळा ढग माझ्या पांढऱ्या शर्टावर हजेरी लावून जाई.

पण धक्का मारणे हा नित्याचा व्यायाम होता. खरे संकट वर्षाकाठी यायचे, आणि त्याचे नाव पासिंग. मालमोटारीला त्या काळी दरवर्षी रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याचा दाखला घ्यावा लागे. शेठचे म्हणणे असे की सात गाड्या एकाच दिवशी थोड्याच तपासतात, मग सात वायपर कशाला? त्यानुसार कंपनीकडे एक चालता वायपर, एक हॉर्न, इंडिकेटरच्या दिव्यांचा एक जोड, एक आग विझवण्याचे नळकांडे आणि एक प्रथमोपचार पेटी असा सामायिक संसार होता. तो एका गोणीत राही आणि गोणीची किल्ली, म्हणजे सुतळी, माझ्या ताब्यात असे. ज्या लॉरीची तारीख येई तिला हे दागिने चढत. दाखला मिळाला की नव्या नवरीचे उसने दागिने परत करावेत तसे ते उतरवून पुन्हा गोणीत जात.

एका वर्षी आक्काची आणि ‘थोरली’ची तारीख एकच निघाली. मी शेठना ते दाखवले. “एकीचे झाले की दुसरीला चढवा, त्यात काय?” असे म्हणून त्यांनी विषय संपवला.

तपासणीच्या मैदानावर आक्का पुढे आणि थोरली चार गाड्या सोडून मागे उभी होती. आक्काचे पासिंग झाले, तपासणारे साहेब पुढच्या गाडीकडे वळले, आणि मी, मामा व क्लीनर मिळून आक्काच्या आडोशाला वायपर खोलू लागलो. गोणी घेऊन वाकून धावताना आपण ज्या कामासाठी पदवी घेतली ते हे नव्हे, हे मला स्पष्ट दिसत होते. तरीही साहेब पोहोचले तेव्हा थोरली नटून तयार होती. त्यांनी दिवे पाहिले, वायपर फिरवायला सांगितला, हॉर्न वाजवायला लावला. आमचा हॉर्न सुरुवातीला उचकी देई आणि मग वाजे. साहेबांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिले, पण काही बोलले नाहीत. मग त्यांनी प्रथमोपचार पेटी मागितली.

इथे आमच्या पेंटरविषयी सांगणे भाग आहे. पासिंगच्या आधी गाडीवर नंबर नव्याने रंगवून घेत, आणि पेंटर अक्षरामागे पैसे घेई. त्यामुळे मोकळा पृष्ठभाग दिसला की त्याचा हात थांबत नसे. आदल्या संध्याकाळी त्याने आक्काचा संपूर्ण नंबर पेटीच्या झाकणावरही सुबक, लाल, सावलीच्या अक्षरांत काढून ठेवला होता. साहेबांनी तो शांतपणे वाचला, थोरलीच्या नंबरप्लेटवरचा वाचला, आणि पुन्हा पेटीवरचा वाचला.

“ही पेटी माहेरी आली आहे का?” त्यांनी विचारले, आणि थोरलीला पंधरा दिवसांनी पुन्हा आणायला सांगितले.

शेठनी सगळे ऐकून घेतले आणि दुसऱ्याच दिवशी तातडीने पेंटरला बोलावणे धाडले. नवी पेटी येणार, असे मला क्षणभर वाटले. पेंटर जुन्या पेटीवरचा नंबर पुसायला आला होता, आणि त्याचा पुसण्याचा दरही अक्षरामागेच होता.