‘नागपूरचे मानसतज्ज्ञ म्हणजे नुसती लूट’ : फिरत्या मेसेजला उत्तर

आमच्या तालुक्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मनाच्या आजारासाठी नागपूरला जाऊ नका, तिथे लायसन्स कोणाकडेच नसतं, फी हजारोंची, झोपेच्या गोळ्या देऊन माणूस कामातून घालवतात, एकदा नाव नोंदलं की पोरीचं लग्न जमत नाही; पेरणी झाली की मन आपोआप ताळ्यावर येतं. यवतमाळ जिल्ह्यात राहून लोक हे पुढे ढकलतात, याचा मला मनापासून राग येतो. मोठ्या मुश्किलीने दवाखान्यात जायला तयार झालेला माणूस असल्या मेसेजने पुन्हा घरी बसतो.

आधी लायसन्स. ‘समुपदेशक’, ‘लाइफ कोच’ असे बोर्ड कोणीही लावतो, हे खरं. पण क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला, म्हणजे मनाच्या आजारावर बोलून उपचार करणाऱ्या तज्ज्ञाला, भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) नोंदणी लागते. या परिषदेच्या १९९२ च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. परिषदेची नोंदवही इंटरनेटवर आहे, त्यात नाव शोधता येतं.

शेजारच्या वहिनींसाठी मी नागपुरात फोन लावले तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारला, “मॅडमचा नोंदणी क्रमांक सांगता का?” एका ठिकाणच्या मुलीने होल्डवर ठेवलं आणि मग म्हणाली, “तुम्ही आधी अपॉइंटमेंटचे पैसे पाठवा, बाकीचं आल्यावर बघू.” दुसरीकडे क्रमांक लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर आला. नोंदवहीत नाव जुळलं, शिक्षण जुळलं, मुदतही संपलेली नव्हती. वहिनींना तिथेच नेलं. हा प्रश्न विचारायला संकोच करू नका. खरा तज्ज्ञ त्यावर चिडत नाही.

गोळ्यांच्या मुद्द्यात तर दोन वेगळी माणसं एक करून टाकली आहेत. सायकॉलॉजिस्ट गोळ्या लिहून देत नाही. तो बोलतो, ऐकतो, चाचण्या घेतो, विचारांची आणि सवयींची घडी बसवायला शिकवतो. गोळ्या लिहितो तो मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर त्याच विषयात शिकलेला डॉक्टर. त्याची नोंदणी मेडिकल कौन्सिलकडे असते. आणि नैराश्याच्या गोळ्या म्हणजे झोपेच्या गोळ्या नव्हेत. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आपल्याकडे आठव्या दिवशीच “काही फरक नाही” म्हणून पाकीट फेकतात आणि दोष डॉक्टरला देतात. डॉक्टरांना न विचारता गोळ्या अचानक बंद करू नयेत.

फी खासगीत जास्त आहे, कबूल. पण नागपूरच्या ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ या सरकारी रुग्णालयांत मनोविकार विभाग आहे, यवतमाळच्या मेडिकल कॉलेजात आहे, सेवाग्रामला आहे. तिथला खर्च खासगीच्या मानाने फारच कमी. म्हणजे प्रत्येकाला नागपूर गाठायचीही गरज नाही.

नाव नोंदण्याची भीती मात्र मी समजू शकते. “मी का पागल हाओ काय?” हे वाक्य दर घरी ऐकू येतं. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. तुमचा केसपेपर कोणी सोयऱ्यांना वाचून दाखवत नाही. गावभर बोभाटा होतो तो आपल्याच ओट्यांवरून, आणि तो थांबवणं आपल्याच हातात आहे.

राहिलं ‘पेरणी झाली की आपोआप’. साधी उदासी कामात विरते, आजार विरत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाच्या उपक्रमात गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघरी पाठवलं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षाने २७.२ टक्के झाले. गावातलं माणूस दारी येऊन बोललं, की लोक उपचार घेतात.

आणि घरात कोणी “आता जगून काय करू” म्हणत असेल तर नोंदवही शोधत बसू नका. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर रात्रंदिवस चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. त्या माणसाला एकटं सोडू नका, लगेच सरकारी दवाखान्यात न्या, आणि फवारणीचं औषध त्याच दिवशी घरातून हलवून दुसऱ्याच्या कुलपात ठेवा.