पातेलं शेजाऱ्याचं, पेला आपला

१५ ऑगस्ट २०२५ ला कल्याण-डोंबिवली महापालिकेने हद्दीतले कत्तलखाने आणि मटण-चिकनची दुकानं बंद ठेवायचा आदेश काढला आणि अख्ख्या ठाणे जिल्ह्यात वाद पेटला. आदेशाची बाजू घेणारे १९८८ च्या जुन्या ठरावाकडे बोट दाखवत होते. विरोधक विचारत होते, स्वातंत्र्यदिनी आमच्या ताटात काय असावं हे पालिका कोण सांगणार? विरोधकांचा प्रश्न मला रास्त वाटतो. पण एवढ्या गदारोळात प्राणी, पाणी, हवा, तब्येत यांतलं काहीच चर्चेत आलं नाही. दुकान एक दिवस बंद राहिलं की आदल्या संध्याकाळी तिथे रांग लागते, एवढाच त्या आदेशाचा परिणाम.

जर्मनीत हा अनुभव आधीच येऊन गेला आहे. २०१३ च्या निवडणुकीत तिथल्या ग्रीन पक्षाने सुचवलं की सार्वजनिक कँटीनमध्ये आठवड्यातून एक दिवस जेवण बिनमांसाचं असावं. नुसती सूचना होती, तरी ‘आमच्या ताटात हात घालता का’ म्हणून देशभर ओरड झाली. पक्षाला ८.४ टक्के मतं पडली. पराभवाची इतरही कारणं होती, पण त्यानंतर कित्येक वर्षं कुठलाच पक्ष तो विषय काढायला धजावत नव्हता. आणि त्याच देशात ऑक्टोबर २०२१ पासून बर्लिनच्या विद्यापीठांच्या खानावळींत ६८ टक्के पदार्थ संपूर्ण वनस्पतीजन्य (म्हणजे दूध-अंडंही नसलेले), २८ टक्के शाकाहारी आणि मांस-मासळी मिळून उरलेले ४ टक्के अशी वाटणी झाली. ती विद्यार्थ्यांनीच मागितली होती. बंदीला नकार देणारा समाज चांगलं, स्वस्त जेवण समोर आलं की आपणहून ते उचलतो. ठाण्यातल्या वादाकडे जर्मनीच्या या अनुभवातून बघताना हेच सारखं जाणवतं.

वनस्पतीजन्य आहार निवडण्यामागे माझं पहिलं कारण दूध आहे, मांस नव्हे. आपल्याकडे हा मुद्दा निघाला की शाकाहारी माणूस निश्चिंत असतो. हिरवा ठिपका असला की झालं. म्हैस मात्र व्याल्याशिवाय दूध देत नाही, आणि झालेलं पारडू नर असेल तर तबेल्याला त्याचा काही उपयोग नसतो. भाकड म्हशीला चारा घालत बसणं शहरालगतच्या तबेल्याला परवडत नाही. ती विकली जाते आणि तिच्या जागी ताजी व्यालेली येते. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीला बंदी आहे. म्हैस त्या बंदीबाहेर आहे. म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत भारत जगातल्या आघाडीच्या देशांत मोडतो, आणि हे मांस आपल्या दुधाच्याच साखळीतून येतं. जर्मनीतही चित्र फार वेगळं नाही. दुधाळ जातीच्या नर वासराला तिथेही किंमत नाही. २०२३ पासून २८ दिवसांच्या आतलं वासरू गोठ्यातून बाहेर वाहून न्यायचं नाही, असा नियम झाला; आधी ही मर्यादा १४ दिवसांची होती. सुधारणा म्हणायची ती एवढीच.

मटण बंद करा म्हणणारा माणूस रोज अर्धा लिटर दूध घेत असेल, तर त्याने शेजाऱ्याच्या पातेल्यात डोकावण्याआधी स्वतःच्या पेल्याचा हिशोब करावा, असं मला मनापासून वाटतं. चेंदणी कोळीवाड्यातली किंवा दिवाळे गावातली मासळीवाली या प्रश्नाच्या मुळाशी नाही. तिच्या टोपलीवर नाक मुरडणाऱ्यांत आणि प्राण्यांसाठी आहार बदलणाऱ्यांत काहीही नातं नाही.

दुसरं कारण हवामानाचं. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांनी २०१८ मध्ये ११९ देशांतल्या सुमारे ३८ हजार शेतांच्या आकड्यांवरून हिशोब मांडला. त्यात एक लिटर गायीच्या दुधामागे साधारण ३ किलो हरितगृह वायू आणि ६२८ लिटर पाणी येतं. सोयाच्या दुधामागे १ किलो वायू आणि २८ लिटर पाणी. ही जगाची सरासरी आहे, कोकणातल्या एखाद्या गोठ्याचा आकडा निराळा असेल. तरी फरक एवढा मोठा आहे की कल बदलत नाही.

परदेशात सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. जर्मनीत दुधावर ७ टक्के कर आहे आणि ओटच्या पेयावर १९ टक्के. युरोपीय न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवलं की सोयाच्या पेयाला ‘दूध’ म्हणून विकता येणार नाही. आपल्याकडे एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही तोच मार्ग धरला. दुकानातले व्हीगन, म्हणजे बिनदुधाच्या, चीजचे काप बहुधा खोबरेल तेल आणि स्टार्चचे असतात, प्रथिनं जवळजवळ शून्य. नगेट आणि सॉसेजमध्ये मीठ भरपूर. या पाकिटांवर जगणाऱ्याला फक्त प्राण्याचं ओझं कमी केल्याचं समाधान मिळतं, पोषण मिळत नाही.

इथे आपलं स्वयंपाकघर कितीतरी पुढे आहे. झुणका-भाकरी, डाळिंब्यांची उसळ, अळूचं फदफदं, भरली वांगी, कोथिंबीर वडी, थालीपीठ, सोलकढी यांत दूध-तूप मुळातच लागत नाही. वरून घातलेलं लोणी किंवा तूप तेवढं काढायचं. मिसळ दह्याशिवाय मागवली की झालं. जूनमध्ये ठाणे स्टेशनबाहेर आणि जांभळी नाक्याला आदिवासी बायका टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळं या रानभाज्या घेऊन बसतात. शेवळं करताना मात्र घाई नको. त्यांतल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांनी घसा खवखवतो, म्हणून काकडं (आंबट रानफळं) किंवा चिंचेचा कोळ घालून, चांगलं शिजवूनच खायची. आगरी आणि सीकेपी घरांत त्यांत सोडे किंवा खिमा पडतो. त्याऐवजी सोललेले वाल घातले तर भाजीला अंग येतं आणि प्रथिनंही.

अडतं ते दूध-दह्यापाशी. ठाण्यात ओट किंवा बदामाच्या दुधाचा डबा म्हशीच्या दुधाच्या अनेकदा तिप्पट पडतो, आणि म्हणून लोक ‘हे श्रीमंतांचं खूळ’ म्हणतात. यावर उपाय आपल्याच राज्यात पिकतो. लातूर-वाशिमचं सोयाबीन गाळून तेल निघतं आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. २०२५-२६ साठी हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला. किराणा दुकानात तेच किलोमागे थोडं महाग पडेल, तरी शंभर ग्रॅमला दहा-बारा रुपयांच्या पुढे जाणार नाही.

तेवढ्या सोयाबीनमध्ये पाऊण लिटर दूध होतं. ते आठ तास भिजवायचं; मे महिन्यात सहा तास पुरे, नाहीतर पाण्याला फेस येऊन आंबूस वास येतो. भिजवलेलं पाणी फेकायचं. मग दाणे उकळत्या पाण्यात पाच मिनिटं टाकायचे. ही पायरी गाळली की दुधाला कच्च्या शेंगेसारखा उग्र वास येतो, कारण दाणा फुटताच त्यातलं लायपॉक्सिजनेज हे एन्झाइम तेलावर काम करू लागतं आणि ते उष्णतेनेच मरतं. नंतर ८०० मिलिलिटर गरम पाणी थोडं थोडं घालत वाटायचं आणि मलमलच्या फडक्यातून पिळून घ्यायचं. जाड बुडाच्या पातेल्यात तापवताना खरी उकळी यायच्या आधीच फेस वर चढतो. तो बघून गॅस बंद केला तर दूध कच्चं राहतं, आणि प्रथिनं पचू न देणारे घटक तसेच उरल्याने पोट बिघडतं. फेस बसवून, तळ ढवळत, मंद आचेवर पंधरा मिनिटं उकळायचं. चोथा थालीपिठात घालावा.

दह्यासाठी हे दूध ४२ ते ४५ अंशांवर आणायचं, बोटाला सोसेल इतकं कोमट. अर्ध्या लिटरला अर्धा चमचा साखर घालावी, कारण सोयातल्या काही शर्करा जिवाणूंना नीट पचत नाहीत. विरजण नसेल तर सहा-सात हिरव्या मिरच्यांचे देठ. पहिला घाणा सैल आणि थोडा उग्र होतो. तो खाण्यापेक्षा दोन चमचे दुसऱ्याला विरजण म्हणून लावावा. दुसरं दही घट्ट लागतं. शेंगदाण्याच्या दुधाचं, म्हणजे एक वाटी दाण्यांना तीन वाट्या पाणी घेऊन केलेलं दही जरा पातळ असतं, पण कढीला आणि मठ्ठ्याला उत्तम. विकतच्या ओट-बदामाच्या दुधाचं दही लागतच नाही. त्यात प्रथिनं एखाद टक्काच असतात, गोठायला काही नसतं. चहात ओटचं दूध घालायचं असेल तर चहापत्ती, आलं, साखर पाण्यातच उकळून घ्या आणि दूध शेवटी घालून फक्त तापवा. उकळलंत तर त्यातल्या स्टार्चने चहा पेजेसारखा होतो.

आता ज्यावर तडजोड नाही ते. बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही. स्पिरुलिनात जे असतं ते बव्हंशी शरीराला न वापरता येणारं रूप आहे, आणि आंबवलेल्या इडलीवर भिस्त ठेवता येत नाही. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाला दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम लागतं. पण गोळीतून एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच नीट शोषलं जातं, त्यापुढचं जेमतेम एक टक्का. म्हणून एकतर रोज किमान १० मायक्रोग्रॅम, नाहीतर आठवड्यातून एकदा २,००० मायक्रोग्रॅम. यकृतात साठा असल्याने पहिली एक-दोन वर्षं काहीच जाणवत नाही आणि माणूस गाफील राहतो. डाळी-पालेभाज्यांतल्या फोलेटमुळे रक्तक्षयही दिसत नाही, आणि नसांचं नुकसान मात्र चालू राहतं. हातापायांना मुंग्या, जिभेची आग, विसराळूपणा ही लक्षणं. दूध पिणाऱ्या शाकाहाऱ्यांतही ही कमतरता आपल्याकडे सर्रास आढळते, तेव्हा तपासणी सगळ्यांनीच करावी.

कॅल्शियम रोज १,००० मिलिग्रॅम लागतं. ६० ग्रॅम नाचणीच्या भाकरीतून दोनशेच्या आसपास मिळतं. बाकीचं कॅल्शियम सल्फेटने गोठवलेल्या टोफूतून, तिळातून किंवा कॅल्शियम घातलेल्या सोया दुधातून. असा डबा ओतण्याआधी जोरात हलवावा, कॅल्शियम तळाशी बसतं. युरोपात सेंद्रिय शिक्क्याच्या ओट-सोया पेयात ते सहसा घातलेलंच नसतं, हे तिथे शिकायला गेलेल्या मुलांनी ध्यानात ठेवावं. आयोडिनचंही तसंच: आपल्याकडे बहुतेक मीठ आयोडिनयुक्त मिळतं, जर्मनीत पाकीट वाचून घ्यावं लागतं. ओमेगा-३ साठी जवसाची चटणी आहेच. दहा ग्रॅम जवसात दोन ग्रॅमच्या वर मिळतं, पण कुटलेल्या. अख्खा दाणा तसाच बाहेर पडतो. जेवणावर लिंबू पिळावं आणि चहा तासाभराने घ्यावा, म्हणजे डाळीतलं लोह अंगी लागतं. गरोदरपणी आणि लहान मुलांच्या बाबतीत जर्मन पोषण संस्थेने २०२४ मध्ये शिफारस केली नाही आणि विरोधही केला नाही. तिथे आहारतज्ज्ञाशिवाय पाऊल टाकू नये.

इतकं करणाऱ्या माणसाची गाठ ठाण्यात नेमकी चुकीच्या लोकांशी घातली जाते, याचा मला खरोखर राग येतो. घोडबंदर रोडला किंवा पलीकडे नवी मुंबईतल्या खारघरला घर भाड्याने घेताना ‘फक्त शाकाहारी’ अशी अट समोर येते. तिच्यामागे म्हशीची किंवा पारडूची काळजी नसते, कोण शेजारी नको याची यादी असते. अशी अट सोसायटीच्या सभेत मांडली गेली तर वनस्पतीजन्य आहार घेणाऱ्यानेच आधी उभं राहावं, विरोध करावा आणि तो इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.